सूचनाफलक भरलेला, सभागृह रिकामे: ज्येष्ठांच्या वसाहतीत उपक्रम समितीने नेमके काय करावे?

पहाटफेरी (प्रश्न)

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी मी आणि माझे यजमान राहते घर सोडून ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एका वसाहतीत राहायला आलो. माझे वय ६९ आणि त्यांचे ७४ आहे. जागेबद्दल तक्रार करावी असे काही नाही. व्यवस्था चोख आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत आणि रोजच्या कटकटींपैकी निम्म्या आता दुसऱ्या कोणाच्या तरी माथी आहेत. प्रश्न आहे तो माणसांचा.

आमच्या प्रवेशद्वाराशी एक मोठा सूचनाफलक आहे आणि तो कधीही रिकामा नसतो. सोमवारी व्यायाम, मंगळवारी गायन, बुधवारी व्याख्यान, गुरुवारी पत्ते, शुक्रवारी चित्रपट असा आठवडा गच्च भरलेला असतो. वसाहतीत दीडशेच्या आसपास रहिवासी आहेत. पण व्यायामाचा वर्ग सोडला तर कोणत्याही कार्यक्रमाला मला तीच वीस-बावीस माणसे दिसतात आणि तीही बहुधा ठरलेल्या खुर्च्यांवरच. पहिल्या आठवड्यात भोजनकक्षात खिडकीजवळच्या एका टेबलाशी मी बसायला गेले, तेव्हा एका बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, अतिशय सौजन्याने, ‘इथे आमच्यातल्या एक जण बसतात’ असे सांगितले. त्या वावगे काही बोलल्या नव्हत्या. पण ताट हातात धरून दुसरी जागा शोधताना मला शाळेतला पहिला दिवस आठवला.

यजमान सुरुवातीला तीन-चार कार्यक्रमांना आले, मागच्या रांगेत बसले आणि नंतर येईनासे झाले. विचारले की ‘मला करमते आहे, तू जा’ एवढेच उत्तर मिळते. त्यांना खरोखरच करमते आहे, की माझी काळजी मिटावी म्हणून ते तसे म्हणतात, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला ओळखता येत नाही, हे कबूल करते.

आता उपक्रम समितीने मला सदस्य होण्याची विनंती केली आहे. समितीचे म्हणणे असे की उपस्थिती कमी आहे, म्हणून कार्यक्रम वाढवावेत आणि अधिक आकर्षक करावेत. मला ते पटत नाही. मात्र का पटत नाही, हे मुद्देसूद मांडता येत नाही. ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे किंवा जे अशा ठिकाणी राहतात, त्यांनी अनुभवाने सांगावे: चूक कार्यक्रमांत आहे, माणसांत आहे, की मोजण्याच्या पद्धतीत?

जुना संयोजक

ताई, आपला प्रश्न मी अकरा वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिला आहे, कारण अशाच एका वसाहतीत उपक्रमांची आखणी करणे हे माझे पगारी काम होते. माझ्या मासिक अहवालात दोनच रकाने असत, एक कार्यक्रमांच्या संख्येचा आणि दुसरा उपस्थितीचा. दुसरा रकाना माझ्या हाती नव्हता आणि पहिला होता, त्यामुळे मी इमानेइतबारे पहिलाच फुगवत राहिलो. आपल्या समितीचेही बहुधा तेच होत असावे.

व्याख्यानाला किंवा चित्रपटाला साठ माणसे आली तरी ती सगळी एकाच दिशेला तोंड करून बसतात. प्रत्येकाला समोरच्याचे डोके आणि वक्त्याचा चेहरा दिसतो, दीड तास जातो आणि माणसे जशी आली तशी परततात. असे कार्यक्रम करू नयेत असे मी म्हणत नाही. पण त्यांना करमणूक म्हणावे, सहवास म्हणू नये.

ओळखी कुठे होतात याचे एक जुने आणि उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या घरांचा अभ्यास फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी करून १९५० साली प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावरच्या शेजाऱ्यांपैकी अगदी लगतच्या दाराचा माणूस मित्र म्हणून ४१ टक्के वेळा सांगितला गेला, एक दार सोडून राहणारा २२ टक्के वेळा आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाचा केवळ १० टक्के वेळा. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही जास्त होत्या, कारण सगळ्यांना तिथूनच जावे लागे. ती तरुण माणसे होती, हे खरे. पण गुडघे दुखत असतील तर अंतराचे महत्त्व वाढेल की कमी होईल, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

आमच्याकडे टपालपेट्या एका अरुंद, अंधाऱ्या वाटेत होत्या. लोक टपाल काढून उभ्या उभ्या निघून जात. एका वर्षी रंगकामाच्या निमित्ताने त्या प्रवेशद्वाराशेजारच्या उजेडाच्या जागी हलवल्या आणि शेजारी भिंतीला लागून एक बाक ठेवला. बाक अंमळ उंच होता आणि त्याला दोन्ही बाजूंना हात होते, म्हणजे बसलेल्या माणसाला कोणाचा आधार न मागता उठता येई. हा तपशील फार महत्त्वाचा आहे, कारण उठताना फजिती होईल या भीतीने अनेक जण मुळात बसतच नाहीत. महिनाभरात टपाल येण्याच्या वेळेला तिथे सहा-सात माणसे जमू लागली. ज्यांना वर्षभर एकाही कार्यक्रमात पाहिले नव्हते, असे दोघे रोज तिथे असत. माझ्या अहवालात अर्थातच या गोष्टीला रकाना नव्हता.

दुसरे असे की मैत्रीला तास लागतात. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडओळखीचा साधा मित्र व्हायला सुमारे ५०, मित्र व्हायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा अंदाज निघाला. आता हिशेब करा. आठवड्यातून एकदा, तासभर, दर वेळी वेगळ्या माणसांशेजारी बसून ५० तास भरणार कधी? म्हणून माझे मत असे झाले आहे की दहा वेगवेगळ्या कार्यक्रमांपेक्षा तीच पाच माणसे, तीच वेळ, तीच जागा आणि हातात काहीतरी काम, हे कितीतरी अधिक उपयोगी पडते. कामामुळे गप्प बसण्याची सोय होते. नुसते ‘गप्पांना या’ म्हटले की ज्याला पटकन सुचत नाही, तो येत नाही.

खुर्चीच्या प्रसंगाबद्दल एक इशारा देतो. ठरलेली टेबले मोडून काढण्यासाठी मी एकदा चिठ्ठ्या टाकून रोज जागा बदलण्याचा घाट घातला होता. तो प्रयोग दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांनी जेवण खोलीत मागवले. ज्यांनी घर, शेजार आणि अनेकदा जोडीदारही गमावला आहे, त्यांच्याजवळ ती खुर्ची ही उरलेली एकमेव ठरलेली जागा असू शकते. ती त्यांना राहू द्यावी आणि त्याऐवजी एक टेबल कायमचे मोकळे जाहीर करावे, जिथे कोणीही केव्हाही बसेल आणि समितीतले कोणीतरी एक जण आळीपाळीने तिथे असेलच. नवीन माणसाला पहिल्या पंधरा दिवसांत बसायला जागा मिळाली की पुढचे बरेचसे आपोआप होते.

मागचा बाक

मी ७८ वर्षांचा आहे आणि आपल्या यजमानांच्याच पंथाचा आहे, म्हणून लिहितो आहे. येनकेनप्रकारेण कार्यक्रमांना न जाणारा माणूस म्हणून आमच्या वसाहतीत माझी ख्याती होती.

पहिली गोष्ट सांगतो, जी आपले यजमान कदाचित सांगणार नाहीत. मागच्या रांगेत बसणाऱ्या माणसाला ऐकू येते का, हे कोणीच विचारत नाही. साठीनंतर दर चार माणसांपैकी एकाहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडचण यावी इतके कमी ऐकू येते, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. मला शांत खोलीत समोरासमोर सगळे समजत असे. सभागृहात मात्र उघडी फरशी, उंच छत आणि शेजारी खुर्च्या सरकवण्याचा आवाज यांत वक्त्याचे शब्द विरघळून जात. लोक हसले की मी हसायचो. एकदा सगळे गंभीर असताना मी एकटाच हसलो, कारण पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचे खांदे हलले म्हणून मला विनोद झाला असे वाटले होते. ते खोकत होते. त्या दिवसानंतर मी गेलो नाही आणि घरी मात्र ‘विषय कंटाळवाणे असतात’ असे सांगितले.

तेव्हा समितीत गेल्यावर पहिला ठराव करायचाच असेल तर तो ध्वनिव्यवस्थेचा करावा. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याच्या हातात माईक द्यावाच. सभागृहात जाड पडदे आणि गालिचा घातला तरी फरक पडतो. इंडक्शन लूप बसवता आला तर ज्यांच्या श्रवणयंत्रात त्याची सोय आहे, त्यांना माईकवरचा आवाज थेट कानात मिळतो. गप्पांची टेबले गोल आणि चार ते सहा माणसांचीच असावीत, आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल अशी ती मांडावीत, कारण आमच्यासारखे लोक निम्मे ओठांवरून ऐकतात.

दुसरी गोष्ट अशी की मला रमवले जाणे आवडत नाही. ‘काका, आज किती छान दिसताय, चला टाळ्या वाजवू या’ हा सूर कानी पडला की मला माझ्या वयाची नव्हे, बालवाडीची आठवण होते. चाळीस वर्षे मी यंत्रशाळेत काम केले आहे. मला बाहेर काढले ते एका दिव्याने. ग्रंथालयातल्या वाचनाच्या टेबलावरचा दिवा लुकलुकत होता. व्यवस्थापकांकडे चार वेळा तक्रार गेली होती. पाचव्या वेळी ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई दिवाच घेऊन माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, ‘हे तुम्हाला पाहता येईल का?’ बटणातली पत्ती झिजली होती, वीस मिनिटांचे काम होते. पुढच्या आठवड्यात एक घड्याळ आले, मग चष्म्याची काडी, मग चाक अडकणारी वॉकर. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा माझे टेबल लागते आणि माझ्यासोबत आणखी दोघे बसतात, त्यांपैकी एकाला पेचकस धरता येत नाही, पण वस्तू नोंदवून घेण्याचे काम त्याच्याइतके नेटके कोणी करत नाही. हा ‘उपक्रम’ फलकावर नाही आणि मी तो लिहू दिलेला नाही.

एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ सालचा प्रयोग पुष्कळांनी ऐकला असेल. कनेक्टिकटमधील एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले गेले की तुमच्या खोलीची मांडणी, वेळ आणि तक्रारी या तुमच्या निर्णयाच्या गोष्टी आहेत. त्यांना एकेक रोप हवे असल्यास निवडायला दिले आणि त्याची निगा त्यांनीच राखायची होती. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या आणि ‘तुम्हाला आनंदी ठेवणे ही आमची जबाबदारी आहे’ असे त्यांना सांगण्यात आले. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातले ९३ टक्के लोक एकंदरीत सुधारलेले दिसले, तर दुसऱ्या गटातले ७१ टक्के अधिक दुबळे झालेले दिसले. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील ४७ पैकी ७ आणि दुसऱ्यातील ४४ पैकी १३ जण वारले होते. माणसे थोडी असल्यामुळे या शेवटच्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. पण सदिच्छेने बोललेल्या त्या दुसऱ्या वाक्यात काय चुकते आहे, हे आमच्यासारख्यांना आकडा न पाहताही कळते.

म्हणून आपल्या यजमानांना ‘चला ना’ म्हणू नका. त्यांना जे येते, त्याची गरज असलेला माणूस त्यांच्याकडे पाठवा.

तिसरा मजला

मागच्या बाकावरच्या गृहस्थांचे बरेचसे पटले. परंतु प्रत्येक न येणाऱ्या माणसाला दुरुस्त करण्याची गोष्ट म्हणून पाहू नये, अशी माझी विनंती आहे. लॉरा कार्स्टन्सेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मांडलेला एक विचार मला स्वतःच्या बाबतीत अगदी खरा वाटतो: पुढे वेळ थोडा उरला आहे असे जाणवू लागले की माणूस नव्या ओळखींचा पसारा आपणहून कमी करतो आणि जी नाती जिवाभावाची आहेत त्यांच्यावर वेळ खर्च करतो. ते एकटे पडणे नव्हे, ती निवड आहे. माझी एक मैत्रीण रोज संध्याकाळी मला दूरध्वनी करते आणि आम्ही तासभर बोलतो. त्या वेळेला सभागृहात काय चालले आहे याच्याशी मला कर्तव्य नसते. एकांत आणि एकटेपणा यांतला फरक ओळखायचा असेल तर कार्यक्रमाला येतात का हे विचारण्याऐवजी, ‘काल रात्री बरे वाटले नसते तर तुम्ही कोणाला हाक मारली असती?’ असे विचारावे. ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर आहे, त्याला त्याच्या पुस्तकासोबत सुखाने बसू द्यावे.

आणखी एक गट कोणाच्या नजरेत येत नाही, तो म्हणजे आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांचा. मी सहा वर्षे त्यात होते. यजमानांना स्मृतिभ्रंश झाला होता आणि मला खोली सोडता येत असे ती फक्त ते दुपारी झोपत तेवढा वेळ, म्हणजे सव्वा ते अडीच. त्या वेळात वसाहतीत एकही गोष्ट नसे, कारण ‘दुपारी सगळे विश्रांती घेतात’. समितीने चार ते सहा या सोनेरी वेळेचे इतके स्तोम माजवले होते की बाकीच्या बावीस तासांत कोणी जगत असेल, हे त्यांच्या ध्यानीही येत नसे. आपण समितीत गेलात तर कार्यक्रम वाढवण्याआधी वेळा पसरा; आणि शक्य असेल तर जोडीदाराजवळ तासभर बसू शकणाऱ्यांची एक यादी करा. त्या यादीतल्या एका बाईंमुळे मी दोन वर्षांनी पहिल्यांदा बागेत एकटी चालले.

आता जे कोणी लिहीत नाही, ते लिहिते. अशा वसाहतीत माणसे जातात. आमच्याकडे कोणी गेले की पूर्वी काहीच सांगितले जात नसे. लोक अस्वस्थ होतील म्हणून रुग्णवाहिका मागच्या दाराने येई आणि दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी निघालेली दिसे. परिणाम उलटा झाला. चार दिवस कोणी न्याहारीला दिसले नाही की सगळ्यांच्या मनात तीच शंका येई, मग ते माणूस मुलीकडे चार दिवस राहायला गेलेले का असेना. आम्ही काही जणींनी आग्रह धरल्यावर आता टपालपेट्यांच्या वर एका लहान चौकटीत नाव, खोली आणि ‘इथे इतकी वर्षे राहिले’ एवढाच मजकूर सात दिवस लावला जातो आणि खाली एक वही असते. त्या वहीत लोक फार सुंदर नव्हे, पण खरे लिहितात. एका गृहस्थांबद्दल कोणीतरी एवढेच लिहिले होते की ‘लिफ्टचे दार ते नेहमी धरून ठेवत.’ आपल्याला खुर्ची नाकारणाऱ्या त्या बाईंच्या टेबलावर ज्या ‘एक जण’ बसतात, त्या सध्या खरोखर येतात का, हे एकदा हळूच पाहावे. आमच्याकडे अशी एक खुर्ची तीन महिने राखून ठेवली होती आणि ज्यांच्यासाठी ती होती, त्या परत येणार नाहीत हे टेबलावरच्या सगळ्या जणींना ठाऊक होते.

रोजचा व्यायाम

समितीला एकच सांगणे आहे. सहवासाचा विचार करताना व्यायामाच्या वर्गाला हात लावू नये. तोल सांभाळण्याचे व्यायाम नियमित केल्याने पडण्याचे प्रमाण घटते, ही पक्की सिद्ध झालेली गोष्ट आहे. शेजारच्याशी ओळख झाली नाही तरी त्या वर्गाचे काम होतेच. फक्त वर्ग सुटल्यावर सभागृहाला लगेच कुलूप लावू नये. आमच्या खऱ्या गप्पा बूट घालताना होतात आणि बूट घालायला आम्हाला आता बराच वेळ लागतो.

लेक

मी रहिवासी नाही. माझे वडील अशा एका वसाहतीत राहतात आणि मी रविवारी जाते. तरुण मंडळींना ज्येष्ठांना भेटायला पाठवण्याची कल्पना कोणत्याही उपक्रम समितीत हमखास निघते, म्हणून तिच्याबद्दल सावध करावेसे वाटते.

रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका निवृत्तांच्या निवासातील ४० जणांचे चार गट केले होते. एका गटाला महाविद्यालयीन विद्यार्थी केव्हा आणि किती वेळ भेटायला यावेत हे स्वतः ठरवता येत होते, दुसऱ्याला भेट केव्हा होणार हे आधी कळत होते, तिसऱ्याकडे विद्यार्थी अचानक येत आणि चौथ्याकडे कोणीच येत नव्हते. पहिल्या दोन गटांची प्रकृती आणि उमेद स्पष्टपणे सुधारली. अचानक भेटी मिळालेले लोक मात्र भेटी न मिळालेल्यांपेक्षा फारसे बरे नव्हते. मला यात विशेष वाटते ते असे की दुसरा गटही पहिल्याइतकाच सुधारला. म्हणजे केव्हा यायचे ते माझ्या हाती नसले तरी चालेल, पण मला ते माहीत असावे. कारण वाट पाहणे हाही भेटीचाच भाग आहे.

या प्रयोगाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. प्रयोग संपला, विद्यार्थी येईनासे झाले आणि काही वर्षांनी पाहिले तेव्हा ज्या दोन गटांचा फायदा झाला होता, तेच खालावले होते. ज्यांना मुळात काही मिळाले नव्हते, त्यांची तशी घसरण झाली नव्हती.

वडिलांच्या वसाहतीत मी हे डोळ्यांनी पाहिले. एका महाविद्यालयाचे विद्यार्थी शनिवारी येत. वडिलांकडे बुद्धिबळ खेळायला येणारा मुलगा चांगला होता. वडील शुक्रवारी रात्रीच पट मांडून ठेवत आणि मागचा डाव जिथे थांबला होता, तिथली सोंगट्यांची जागा कागदावर लिहून ठेवलेली असे. मग परीक्षा आल्या, सत्र संपले, नव्या सत्रात दुसरा उपक्रम आला. कोणी वाईट वागले नाही, फक्त येणार नाही हे कोणी कळवले नाही. तो कागद वडिलांच्या टेबलाच्या काचेखाली बरेच महिने होता.

तेव्हा तरुणांना आणायचे असेल तर शेवटची तारीख पहिल्या दिवशीच सांगावी, निरोपाची भेट ठरवावी आणि शक्यतो असे नाते जोडावे की ज्यात त्यांचाही स्वार्थ असेल. नेदरलंड्समधील डेव्हेंटर येथील एका ज्येष्ठ निवासात विद्यार्थ्यांना खोली विनाभाडे मिळते आणि मोबदल्यात त्यांनी महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचे असते. तिथला विद्यार्थी पाहुणा नसतो. रात्री उशिरा परतताना तो त्याच लिफ्टने वर जातो, आणि उपकाराची भावना दोन्हीकडे सारखीच राहते.

पहाटफेरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काही गोष्टी करून पाहायच्या होत्या.

समितीत मी गेले. कार्यक्रम वाढवण्याचा ठराव लांबणीवर टाकण्यात यश आले, रद्द करण्यात नाही. माईकचा आग्रह मान्य झाला. पडद्यांसाठी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे उत्तर मिळाले. मोकळे टेबल मात्र सुरू झाले आहे. पहिले चार दिवस मी तिथे एकटीच बसले आणि सगळ्या भोजनकक्षाला माझ्याकडे पाहायला एक नवा विषय मिळाला. पाचव्या दिवशी एक गृहस्थ आले, ज्यांना मी चार महिन्यांत एकदाही बोलताना ऐकले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली आणि ‘हे टेबल बोलणाऱ्यांसाठी आहे की न बोलणारेही चालतील?’ असे विचारले. मी चालतील म्हटले. ते आता रोज येतात आणि बऱ्याचदा बोलत नाहीत.

‘तिसरा मजला’ यांनी लिहिलेले वाचून मी त्या खिडकीजवळच्या टेबलाची चौकशी केली. त्यांचा तर्क खरा निघाला. त्या बाई फेब्रुवारीत रुग्णालयात गेल्या, तिथून मुलाकडे, आणि आता त्यांना परत आणता येणार नाही असे घरच्यांनी कळवले आहे. टेबलावरच्या तिघी अजून ती खुर्ची भिंतीकडे सरकवत नाहीत. मी त्याबद्दल काहीही बोलले नाही. येता-जाता नमस्कार करते, एवढेच.

यजमानांच्या बाबतीत ‘मागचा बाक’ यांचे दोन्ही मुद्दे लागू पडले. श्रवणतज्ज्ञांकडे यायला ते अजून तयार नाहीत, परंतु दूरदर्शनचा आवाज मी मुद्दाम माझ्या सोयीचा ठेवू लागल्यापासून त्यांचा विरोध थोडा मावळला आहे. ते आयुष्यभर हिशेबनीस होते. समितीच्या खर्चाची वही मी घरी आणली आणि बेरीज जुळत नाही म्हणून, थोड्या मोठ्याने, त्रागा केला. बेरीज जुळत होती. मी एक आकडा चुकीचा वाचत होते, आणि हे त्यांच्या लगेच लक्षात आले. काहीही न बोलता त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा पुसला आणि मागच्या तीन महिन्यांची पाने उलटत ‘हे लिहिते कोण?’ असे विचारले. लिहिणारे खजिनदार दुसऱ्या मजल्यावर राहतात, असे मी सांगितले. काल सकाळी वही काखेत घेऊन ते जिना उतरून गेले आणि दीड तासाने परतले. काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, फक्त गुरुवारी पुन्हा जायचे आहे म्हणाले.

‘जुना संयोजक’ यांना एक विचारायचे राहिले. बाकाच्या बैठकीची उंची नेमकी किती ठेवली होती?

जुना संयोजक

जमिनीपासून ४८ सेंटीमीटर होती. उंचीने लहान असलेल्या दोघी-तिघींचे पाय टेकत नसत, म्हणून नंतर त्याच बाकाशेजारी ४३ सेंटीमीटरचा दुसरा ठेवला. हात दोन्हींना असू द्या आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत येतील असे पाहा. मागेच संपणारे हात दिसायला बरे असतात, पण उठताना त्यांचा काही उपयोग होत नाही.